वास कुठून येतोय, बॉस?

नवीन घर घेतलं की हाऊस टूर ठरलेली. आधी मॉड्युलर किचन, मग बाल्कनीतला झोपाळा, मग बेडरूममधला तो स्लायडिंगचा वॉर्डरोब. पाहुणे 'वॉव, मस्तच!' म्हणतात, आपण 'अगं, ईएमआय संपायला अजून सोळा वर्षं आहेत' म्हणून हसतो. बाथरूमपाशी आलं की मात्र टूरचा स्पीड एकदम वाढतो. दार अर्धं उघडायचं, 'हे बाथरूम' म्हणायचं, दार बंद. आणि त्या बाथरूममध्ये कमोडच्या मागे एक पांढरा डबा असेल, तर पाहुणे यायच्या आधीच रूम फ्रेशनरचे चार फवारे मारून झालेले असतात!

तर मंडळी, या आठवड्यात त्या डब्याबद्दल बोलू या. त्याचं नाव मॅसरेटर. नाक मुरडू नका प्लीज. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांना विषय किती सीरियस आहे ते ठाऊक आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनीही वाचा. रिनोव्हेशन काढलंत की उद्या तुमचाही काँट्रॅक्टर म्हणेल, 'मॅडम, फरशी फोडायची गरजच नाही, मॅसरेटर बसवून टाकू.' तेव्हा मान डोलवण्याआधी चार प्रश्न विचारता यायला हवेत.

डब्यात दडलंय काय?

आपल्या नेहमीच्या टॉयलेटचा फंडा एकदम सोपा आहे... उतार. फ्लश केलं की चार इंची पाइपातून सगळं आपोआप खाली जातं. ना मोटर, ना वीज. पण त्यासाठी टॉयलेट मेन लाइनच्या जवळ हवं आणि पाइपला पुरेसा उतार हवा. घराच्या भलत्याच कोपऱ्यात, तळघरात किंवा माळ्यावर टॉयलेट काढायचं असेल तर? तिथे हा डबा कामाला येतो. फ्लशचं पाणी डब्यात शिरतं, आतली पातळी वाढली की स्विच मोटर चालू करतो, पाती गरागरा फिरतात, सगळ्याचा लगदा होतो आणि पंप तो लगदा एक-सव्वा इंची पाइपातून मेन लाइनपर्यंत ढकलतो. बरीच मॉडेल्स तो चार-पाच मीटर वरही चढवतात. काही सेकंद घर्रर्र आवाज, मग शांतता. थोडक्यात काय, तर मिक्सर अधिक टुल्लू पंप.

हे प्रकरण मूळचं फ्रान्सचं. तिथली एसएफए कंपनी १९५८ सालची, आणि तिचा 'सॅनिफ्लो' हा ब्रँड इतका रुळला की इंग्लंडमध्ये बरेच जण कुठल्याही मॅसरेटरला सॅनिफ्लोच म्हणतात. लंडनला ऑनसाइट गेलेल्या तुमच्या मित्राला विचारून बघा. माळ्यावरची किंवा बेसमेंटमधली खोली भाड्याने घेतली असेल, तर रात्री दोनच्या त्या घर्रर्रची ओळख त्याला नक्की असेल. तिथल्या बांधकाम नियमांत एक शहाणपणाची अटही आहे. मॅसरेटरवालं टॉयलेट चालेल, पण उताराने वाहणारं एक साधं टॉयलेटही वापरायला उपलब्ध हवं. म्हणजे डबा रुसला, तर माणसाची अडचण व्हायला नको. आपल्याकडे हा डबा बसवताना हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारा... हा बंद पडला तर जायचं कुठे?

वास म्हणजे निरोप

आपल्याकडे घरात मॅसरेटर येतो तो बहुतेक वेळा कुणा एका माणसासाठी. माझ्या एका मैत्रिणीच्या कोथरूडच्या रो-हाऊसमध्ये तो आला आजींसाठी. गुडघे गेले, जिना चढवेना, आणि खालच्या मजल्यावर टॉयलेटच नाही. मेन लाइन घराच्या दुसऱ्या टोकाला. मॅसरेटरमुळे आजींच्या खोलीला लागून छोटंसं बाथरूम झालं. सगळे खूश.

सहा महिन्यांनी वास यायला लागला. मग सुरू झाली फ्रेशनरची मालिका. आधी गुलाब, मग लव्हेंडर, मग कापूर. कोणी काही बोलत नव्हतं, पण खोलीत येणारा प्रत्येक जण आधी फवारा मारत होता. आजींनी त्याचा अर्थ आपल्यापरीने लावला. त्यांनी संध्याकाळचा चहा बंद केला. मग जेवतानाचं पाणी अर्ध्या भांड्यावर आणलं. का, तर रात्री उठायला नको आणि वास व्हायला नको. बद्धकोष्ठ झालं, चक्कर आली, डॉक्टर झाले, तेव्हा कुठे ही गोष्ट बाहेर पडली. प्लंबर आला तर काय निघालं? कमोड आणि डबा जोडणारी रबरी कॉलर जागची सरकली होती आणि थेंब थेंब गळत होती. काम अर्ध्या तासाचं. वास आजींचा नव्हताच, कॉलरचा होता!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फ्रेशनर म्हणजे निरोप्याच्या तोंडावर हात ठेवणं. व्यवस्थित बसवलेल्या, चालत्या मॅसरेटरला वास येत नाही. येत असेल, तर कुठेतरी काहीतरी उघडं आहे, सुकलंय किंवा साचलंय. तो पत्ता शोधा.

आणखी एक गोष्ट. आपलं नाक फार लवकर सरावतं. सतत येणारा वास थोड्या वेळाने आपल्याला जाणवेनासा होतो, म्हणून घरच्यांना 'कुठे काय?' वाटतं आणि पाहुण्यांना लगेच कळतं. टेस्ट सोपी आहे. ऑफिसमधून आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, बाथरूमचं दार उघडा. पहिला श्वास खरं सांगतो.

संशयित पाच

पहिला संशयित, जाळी. शॉवर किंवा बेसिनचं पाणीही बऱ्याचदा त्याच डब्यात सोडलेलं असतं. प्रत्येक जाळीखाली आणि बेसिनखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी साचून राहतं आणि तेच वायूला अडवतं. ही वाकड्या पाइपाची आयडिया अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीची, पेटंट १७७५ सालचं. अडीचशे वर्षांत याहून भारी काही सापडलेलं नाही! पण शॉवर वापरलाच नाही तर ते पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. वास गेला? चोर सापडला. बिल शून्य रुपये.

दुसरा, केस आणि साबण. जाळीखालचा तो करडा, बुळबुळीत गुंता कुजतो आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतो. हातमोजे घाला, जाळी उचला, काढून टाका. डब्यात ढकलू नका, केरात टाका.

तिसरा, आजींकडची ती रबरी कॉलर. कमोडमागच्या जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा, दोन-तीनदा फ्लश करा. कागद ओला झाला, तर कॉलर तपासायची वेळ झाली. कमोड हलत असेल तर आधी तो फरशीला पक्का करून घ्या, नाहीतर नवी कॉलरही सरकणार.

चौथा, डब्याचं झाकण. काही मॉडेल्सवर हवा बाहेर जायला छोटी वाट असते आणि तिथे कोळशाचा फिल्टर बसवलेला असतो. तो कोळसा कायमचा नसतो. त्याचं काम झालं की बदलावा लागतो. तुमच्या मॉडेलला फिल्टर आहे की नाही ते मॅन्युअलमध्ये सापडेल. मॅन्युअल कुठे आहे? हो, तोच ड्रॉवर, जिथे टीव्हीचं वॉरंटी कार्ड आहे.

पाचवा, साचलेला गाळ आणि क्षार. पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या बाजूच्या कितीतरी सोसायट्यांना बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. ते जड असेल तर नळाच्या तोटीवर जसा पांढरा थर बसतो, तसाच डब्याच्या आत बसतो. त्या खरबरीत थरावर घाण चिकटते, पाती आणि स्विच दोन्ही सुस्तावतात, डबा पूर्ण रिकामा होत नाही. मग उरलेलं आत तसंच कुजतं.

जरा कानही द्या

या टॉयलेटला आवाज आहे, ही तक्रार समजू नका. ती सोय आहे. नेहमीचा आवाज एकदा लक्षात ठेवलात की बिघाड आधीच ओळखता येतो.

नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघर चालली, तर पाइप तुंबत आलाय किंवा थर साचलाय. नुसतंच 'हम्म्म' होतंय पण काही फिरत नाही, तर पात्यात काहीतरी अडकलंय. लगेच प्लग काढा, नाहीतर मोटर तापेल. आत खडखड वाजतंय, तर एखादी कडक वस्तू गेलीय. आणि कोणीही गेलं नसताना मध्यरात्री डबा आपला आपण चालू होतोय? भूत नाही हो! एक तर फ्लशची टाकी झिरपतेय, नाहीतर वर चढलेलं पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह निकामी झालाय आणि घाण पाणी पुन्हा डब्यात उतरतंय. टाकीची टेस्ट घरच्या घरी होते. टाकीत जिलबीचा खायचा रंग थोडासा टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर टाकी गळतेय. उतरला नाही, तर व्हॉल्व्ह तपासून घ्या.

डब्याची आंघोळ

बाइकचं सर्व्हिसिंग आपण वेळेवर करतो ना? मग मोटर असलेल्या टॉयलेटचं का नको?

क्षार काढायला मॅसरेटरसाठीच बनवलेलं डीस्केलर मिळतं, ते सगळ्यात सेफ. पद्धत साधारण अशी. प्लग काढायचा, डीस्केलर कमोडमध्ये ओतून सांगितलेल्या वेळेपर्यंत राहू द्यायचं, मग प्लग लावून दोन-तीनदा भरपूर पाण्याने फ्लश करायचं. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असते, ती पाळायची. 'दुप्पट ओतलं तर दुप्पट साफ' हे लॉजिक इथे चालत नाही. पाणी जड असेल तर तीन-चार महिन्यांनी, एरवी वर्षातून एक-दोनदा पुरे.

ड्रेन मोकळे करायला मिळणारी ती कडक पावडर टाकू नका, आतले रबरी भाग खराब होतात. उकळतं पाणीही नको. आणि आता जरा सीरियसली ऐका. टॉयलेट क्लीनरमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. छोट्याशा बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. व्हिनेगर किंवा डीस्केलर आणि ब्लीच यांचंही तेच. एका वेळी एकच गोष्ट वापरा, मध्ये भरपूर पाणी सोडा, खिडकी उघडी ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, कारण दोन्ही बाटल्या बहुतेक त्यांच्याच हातात असतात.

रोजची सवय एकच. 'मोठ्या' कामाला मोठा फ्लश. पाणी वाचवायला अर्धा फ्लश दाबलात तर लगदा पाइपात मध्येच थांबतो. पाणी वाचवायच्या दुसऱ्या जागा आहेत, शॉवरखालची गाणी कमी करा!

पोटात काय जाऊ द्यायचं नाही

या डब्यात जायला परवानगी फक्त तिघांना. शरीरातून येतं ते, टॉयलेट पेपर आणि पाणी. बास. आपण भारतीय इथे फायद्यात आहोत, कारण आपला जेट स्प्रे. कागद कमी, म्हणजे डब्याला काम कमी.

बाकी सगळ्यांना नो एंट्री. सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, काँडोम, डायपर, कापूस, इअर बड, दात कोरायचा धागा, केस, सिगारेटचं थोटूक, गुटख्याची पुडी, उरलेल्या रश्श्याचं तेल. धागा आणि केस तर पात्यांना असे गुंडाळतात की मिक्सरमध्ये दोरा गेल्यासारखं होतं. वेट वाइप्सच्या पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असलं तरी नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये चरबी आणि वाइप्सचा एकजीव गोळा सापडला होता. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! एवढ्या मोठ्या गटाराची ती गत, तर आपल्या सव्वा इंची पाइपाची काय कथा?

आता अवघड भाग. हे पाहुण्यांना सांगायचं कसं? सासूबाईंना, मित्राच्या नव्या गर्लफ्रेंडला, गावाहून आलेल्या काकांना? सगळ्यांसमोर लेक्चर नको. दोन गोष्टी करा. बाथरूममध्ये झाकणाचा छोटा डस्टबिन ठेवा, शेजारी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे. आणि फ्लशच्या वर एक ओळीची पाटी लावा, 'इथे फक्त पेपर आणि पाणी. बाकी सगळं डब्यात, थँक्यू!' डस्टबिनच नसेल, तर पाहुणी बिचारी पॅड टाकणार कुठे? चूक तिची नाही, सोयीची आहे. आणि तो कचरा बाहेर देताना नीट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने 'रेड डॉट' मोहीम याचसाठी चालवली. आत काय आहे ते कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना न उघडता कळावं म्हणून.

लाइट गेली तर? गावाला गेलात तर?

लाइट नाही, तर मोटर नाही. मोटर नाही, तर फ्लश नाही. वीज नसताना फ्लश करत राहिलात तर पाणी डब्यातून पुढे जात नाही, आणि शॉवर त्याच डब्याला जोडला असेल तर ते सगळ्यात खालच्या जाळीतून वर येतं. कल्पना करू नका, नुसतं लक्षात ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर मॅसरेटरचं पॉइंट त्यावर घेता येईल का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. बऱ्याच घरगुती मॉडेल्सची मोटर चारशे-साडेपाचशे वॉटच्या घरात असते. अर्थिंग आणि ईएलसीबी आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. बाथरूम, पाणी आणि वीज हे त्रिकूट आहे, इथे जुगाड नको.

पंधरा दिवस गावाला निघालात? जाण्याआधी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने फ्लश करा, म्हणजे डब्यात आणि पाइपात काही उरणार नाही. मग पाण्याचा कॉक बंद, प्लग बंद. परत आल्यावर आधी सगळ्या जाळ्यांत पाणी ओता, मग बॅगा उघडा.

डबा उघडणारा माणूस

शेवटचा मुद्दा इंटिरियरवाल्यांसाठी. 'क्लीन लुक' म्हणून डबा भिंतीआड टाइल लावून बंद करू नका. तो कधी ना कधी उघडावा लागणारच. काढता येईल असं पॅनल ठेवा, हात आणि पाना आत जाईल एवढी जागा ठेवा.

आणि जो उघडणार आहे, त्याचा विचार करा. प्लंबरला फोनवरच सांगा की मॅसरेटर आहे. सगळ्यांना हे काम येत नाही, आणि ज्याला येतं तो तयारीने येतो. तो यायच्या आधी प्लग काढून ठेवा, टॉयलेट वापरणं थांबवा. जाड हातमोजे, साबण, जुने टॉवेल तयार ठेवा. आत काय गेलंय ते माहीत असेल तर लाजू नका, सांगून टाका. ब्लेड किंवा काच गेली असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर हात त्याचा कापला जाणार. काम झालं की चहा द्या आणि पैशांची घासाघीस करू नका. आपण ज्याला हात लावायला तयार नाही, ते त्याने हातांनी साफ केलेलं असतं.

तर या रविवारचं होमवर्क. टाइम फक्त दहा मिनिटं. सगळ्या जाळ्यांत मगभर पाणी, कॉलरला टिश्यूची टेस्ट, टाकीत जिलबीचा रंग, आणि ड्रॉवरमधून मॅन्युअल बाहेर. सोमवारी ऑफिसमधून आल्या आल्या दार उघडा आणि पहिला श्वास घ्या. काहीच वास आला नाही, तर फ्रेशनरचा डबा शेजाऱ्यांना गिफ्ट द्या. आणि ते बाथरूम घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसासाठी केलं असेल, तर त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यासाठी कपभर चहा जास्त टाका.

पुढच्या आठवड्यात भेटूच!